फुकटचा पहिला क्लास वसूल करायला जाऊ नका : सायकलिंग क्लासला पहिल्यांदा जाणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण जायच्या आधी विचारणारी माणसं फार कमी भेटतात, बहुतेक जण क्लास करून आल्यावर विचारतात आणि तोपर्यंत काहीतरी दुखावून बसलेले असतात. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, वय 43, झेडपीच्या शाळेत शिक्षिका, राहायला जुळे सोलापूरला, माहेर पूर्व भागातलं, घरात माग होते. आता घराजवळच्या स्टुडिओत 45 मिनिटांचा सायकलिंग क्लास सुरू झालाय, बंद खोलीत जागेवरच्या सायकलवर गाण्यांच्या तालात पाय मारायचा, पहिला क्लास फुकट आहे आणि मैत्रीण चल चल करतीये. थायरॉईडची गोळी चालू आहे, जिना चढताना गुडघे करकर वाजतात, कॉलेजनंतर व्यायाम असा कधी झालाच नाही. आणि विचारलंय की मला झेपेल का, तिथं सगळी पंचविशीतली पोरं असतील का, सीट लई टोचते म्हणतात ते खरंय का आणि पंजाबी ड्रेसवर चालेल का.

झेपेल. मी गेली बारा वर्षं सोलापुरात हेच क्लास घेते, माझ्याकडे साठी ओलांडलेल्या बायका येतात, पॉवरलूमवर दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगलेले काका येऊन गेले, बँकेतले, एसटीतले, सगळे. सायकलला वय कळत नाही, तिच्यावर पॅडल जड-हलकं करायचा एक नॉब असतो आणि तो तुमच्या हातात असतो, शेजारची पोरगी कितीही जोरात मारू दे, तुमची सायकल जागची हलत नाही, त्यामुळं मागं राहायचा प्रश्नच येत नाही. पण एक अट आहे आणि तीच सांगायला मी एवढं लांबलचक लिहितीये. पहिल्या क्लासला तुम्ही व्यायाम करायला जायचं नाही, सायकल आपल्या अंगाला बसवून घ्यायला जायचं. फुकट आहे म्हणून 45 मिनिटं पिळून काढायची नाहीत. 20-25 मिनिटं हलक्या हातानं, बाकी वेळ नुसते पाय फिरवत बसायचं, झालं.

एवढी ठासून का सांगते ते ऐका. क्लास घ्यायला लागून मला दुसरंच वर्ष होतं, एक तिशीतला मुलगा ट्रायलला आला, तब्येतीनं चांगला, क्रिकेट खेळणारा. मी माईकवरून ओरडत होते, अजून एक, अजून एक, नॉब वाढवा, उठा, आणि तो सगळं करत होता, मला पण बरं वाटत होतं की बघा नवीन माणूस कसा टिकलाय. त्याला मी एकदाही बस म्हणाले नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला, मांड्या दगडासारख्या कडक झाल्यात, संडासला बसता येईना आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतीये. दवाखान्यात ॲडमिट केलं, सलाईनवर सलाईन चढवली, चार दिवस राहावं लागलं. बरा झाला तो, किडनी वाचली, पण माझी चूक होती ती आणि आजही नवीन माणूस दारातून आत आला की मला तोच मुलगा आठवतो.

त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, नाव अवघड आहे पण गोष्ट साधी आहे. सवय नसलेल्या स्नायूवर एकदम प्रचंड काम पडलं की त्याच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता किडनीवर ताण येतो. मांडी हा अंगातला सगळ्यात मोठा स्नायूंचा गठ्ठा आणि या क्लासमध्ये सगळं काम त्याच्यावरच, शिवाय खोली गरम, गाणी जोरात, आजूबाजूला सगळे मारतायत, थांबायचं भान राहत नाही. अमेरिकेत 2017 साली डॉक्टरांच्या एका जर्नलमध्ये अशाच केसेस छापून आल्या होत्या, पहिल्याच सायकलिंग क्लासनंतर ॲडमिट झालेल्या माणसांच्या. हे घाबरवायला सांगत नाहीये ताई, असं क्वचित होतं, पण जेव्हा होतं तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच क्लासला होतं. आणि तुमच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट, थायरॉईड ताब्यात नसेल तर स्नायू लवकर दमतात आणि लवकर दुखावतात, तेव्हा शेवटचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्त तपासणीचा रिपोर्ट कधीचा आहे बघा, जुना असेल तर आधी रक्त तपासून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. छातीत दुखणं, धाप, चक्कर असं काही आधी झालेलं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सायकलवर चढूच नका.

आता सायकल. क्लासच्या 15 मिनिटं आधी पोचा, हे काही करून जमवाच, कारण दिवे मंद झाले आणि गाणी सुरू झाली की कुणी तुमची सीट लावून देत नाही. गेल्या गेल्या सांगा, मी पहिल्यांदा आलीये, मला सेटिंग करून द्या. चांगला इन्स्ट्रक्टर सगळं सोडून येतो. जो नुसता लांबून "सीट वर-खाली करून घ्या मॅडम" म्हणतो त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

सायकलच्या शेजारी सरळ उभ्या राहा आणि कमरेच्या बाजूचं हाड हातानं चाचपा, जिथं आपण घागर टेकवतो ना, ते. सीट साधारण त्या उंचीला आली पाहिजे. मग वर बसा, चप्पल-बूट जे असेल त्याची टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या, पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकायला नको. मग टाच काढून पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, साधारण 25 ते 35 अंशांचा, तोच पाहिजे. नंतर पॅडल आडवे करा, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तसे, आणि पुढच्या गुडघ्याकडं वरून बघा, गुडघ्याची वाटी पॅडलच्या मधल्या दांड्याच्या बरोबर वर यायला हवी, पुढं गेली असेल तर सीट मागं सरकवा. हँडल पहिल्या दिवशी सीटपेक्षा वरच ठेवा, वाकून मारणारे शेजारी बघून खाली करू नका, पाठ आणि मान दुखेल. प्रत्येक दांड्यावर आकडे असतात, ते सगळे मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे पुढच्या वेळेला दोन मिनिटांत काम होतं. आणि पिन नीट आत बसलीये का, सीटवर हात दाबून बघा.

तुमच्या गुडघ्यांचं उत्तर पण इथंच आहे बघा. नुसती करकर वाजते आणि दुखत नाही, सूजत नाही, तर त्याला घाबरू नका. सायकलवर अंगाचं वजन सीटवर असतं, गुडघ्यावर आदळआपट नसते, म्हणून तर ऑर्थोपेडिक डॉक्टर गुडघेवाल्यांना सायकल मारायला सांगतात. पण सीट खाली राहिली तर गुडघा प्रत्येक फेरीला जास्त दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. सीट जास्त वर गेली तर गुडघ्याच्या मागं, खळगीत ओढ बसते. क्लास चालू असताना कुठं दुखतंय ते लक्षात ठेवा, पुढं दुखलं तर सीट थोडी वर, मागं दुखलं तर थोडी खाली, एकेक खाच. आत टोचल्यासारखं दुखलं तर थांबा. निम्म्या लोकांचं "मला सायकलनं गुडघे धरले" हे सीटचं दुखणं असतं, गुडघ्याचं नसतं.

दुसरी गोष्ट चाक. तुम्ही शाळेत असताना सायकल चालवली असेल, उतारावर पॅडल मारायचं सोडून पाय नुसते ठेवून बसायचो ना आपण, ते इथं विसरायचं. क्लासच्या बहुतेक सायकलींना पुढं एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील, 13-14 किलोपासून 20 किलोच्या आसपास, आणि पॅडल त्याला पक्कं जोडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, तुम्ही पाय थांबवायला गेलात तर चाक तुमचे पाय ओढून नेणार. तुमच्या माहेरी माग होते म्हणून सांगते, बटण बंद केल्यावर मागाचं चाक एकदम थांबत नाही ना, दोन-चार फेऱ्या घेतं, आणि त्यात कुणी हात घालत नाही, तसंच आहे हे. थांबायचं असेल तर पाय हळूहळू करत आणायचे. आणि एकदम थांबायची वेळ आली तर तो नॉब वरून खाली दाबायचा, बहुतेक सायकलींना तोच ब्रेक असतो, काहींना वेगळी दांडी असते. चढल्या चढल्या, गाणी लागायच्या आधी, दोनदा ब्रेक दाबून बघा. हे मी प्रत्येक नवीन माणसाकडून करून घेते, त्याशिवाय क्लास सुरू करत नाही.

म्हणूनच पंजाबी ड्रेस नको. ओढणी तर अजिबातच नको, आणि सलवारची मोहरी पण पॅडलच्या दांड्यात जाते, माझ्यासमोर एका ताईंची पटियाला अशी गुंडाळली गेली होती की कात्रीनं कापून पाय सोडवला, नशीब चाक हळू होतं. अंगाला बसणारी लेगिंग आणि वर मांडीपर्यंतचा कॉटन कुर्ता किंवा टीशर्ट, एवढं पुष्कळ झालं, कुणी बघत नाही, सगळे आपापल्या घामात असतात. मंगळसूत्र लांब असेल तर आत घाला किंवा घरी ठेवून या, पुढं वाकलं की हँडलवर आपटत राहतं. बूट टणक तळव्याचे घ्या, मऊ स्पंजचे बूट पॅडलवर वाकतात आणि तळपाय बधिर होतो. लेस बुटाच्या आत खोचा. क्लिपवाल्या महागड्या बुटांच्या नादाला आत्ता लागू नका, पॅडलवर पट्टा असतो त्यात पाय घट्ट बसला की झालं.

सीट टोचते का, तर हो, टोचते. खोटं कशाला सांगू. आपण ज्या दोन हाडांवर बसतो तिथं पहिल्या दोन-तीन क्लासला दुखतंच, दुसऱ्या दिवशी शाळेतल्या लाकडी खुर्चीवर बसताना चांगलं कळेल. आठ-दहा दिवसांत ती जागा सरावते. तोवर जाड जेलचं कव्हर घेऊ नका, ते सरकतं आणि मांडीच्या आतल्या बाजूला घासून सालं निघतात, ते दुखणं त्याहून वाईट. पुढं कंटिन्यू करायचं ठरलं तर पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट घ्या, लेगिंगच्या आत घालता येते, आणि ती घातल्यावर आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण टोचते, हे दुकानदार सांगत नाहीत. हाडावर दुखणं वेगळं आणि नाजूक भागात बधिरपणा किंवा मुंग्या वेगळं, ते झालं तर बहुतेक वेळा सीटचं टोक वर झालेलं असतं, सीट सपाट करून मागायची, लाजायचं नाही.

आता प्रत्यक्ष क्लास. इन्स्ट्रक्टर दोन गोष्टी बोलत राहतो, स्पीड आणि रेझिस्टन्स. स्पीड म्हणजे मिनिटाला पॅडलचे किती फेरे, सपाट रस्त्याला 80 ते 110 आणि चढाला 60 ते 80, साधारण असा हिशोब असतो. स्क्रीन नसेल तर 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला मोजा आणि चारनं गुणा, 20 आला तर 80. तुम्ही पहिल्या दिवशी 70-80 मध्येच राहा. रेझिस्टन्स म्हणजे नॉब किती आवळलाय. इथं नवीन माणूस नेहमी एकच चूक करतो, दमायला नको म्हणून नॉब पूर्ण सैल ठेवतो, मग जड चाक पायांना पळवायला लागतं आणि बूड सीटवर टणाटणा उडतं. उडायला लागलं की समजायचं रेझिस्टन्स कमी आहे, अर्धा आटा आवळायचा. पायाखाली काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे, चिखलातून चालल्यासारखं नाही, डांबरी रस्त्यावरून चालल्यासारखं. आणि उलट टोकाला, 60 च्या खाली आलं आणि खांदे हलवून हलवून पॅडल ढकलावं लागतंय तर गुडघ्यावर भार येतोय, सैल करा.

इन्स्ट्रक्टर म्हणेल "नॉब वाढवा", तुम्ही नॉबला नुसता हात लावा आणि आहे तिथंच ठेवा, मी मनापासून सांगते, आम्हाला राग येत नाही. उभं राहून मारायचं म्हणतील तेव्हा बसूनच राहा, उभं राहणं तिसऱ्या-चौथ्या क्लासला, तेसुद्धा नॉब थोडा आवळल्यावर, सैल चाकावर उभं राहिलं की पाय सटकतो. हात हँडलवर ठेवायचे, पण अंगाचा भार हातावर टाकायचा नाही, मनगटं दुखतात आणि काम पायाऐवजी खांद्याला होतं.

किती जोर लावायचा याचं माप मशीनपेक्षा तुमच्या तोंडात आहे. मैत्रिणीला एक पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, ही तुमची पहिल्या महिन्याची पातळी. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. 220 वजा वय हा मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा हिशोब सगळे सांगतात, तुमचा 177 येतो, आणि त्याच्या साठ-सत्तर टक्के म्हणजे 106 ते 124, पण हा आकडा सरासरीचा आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोके सहज इकडंतिकडं होतात. बीपीची बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असणाऱ्यांचे ठोके तर फारसे वाढत नाहीत, त्यांनी आकड्याकडं बघूच नये. स्क्रीनवर कॅलरीचा आकडा दिसतो तो सोडून द्या, त्यावर आनंदून घरी जाऊन भजी खाणारे मी लई बघितलेत.

पाणी आणि खाणं आपल्या गावच्या हवेप्रमाणं. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू, 42-43 चा पारा आणि कोरडी हवा, बाहेर घाम आल्या आल्या वाळतो म्हणून कळत नाही किती गेला. बंद खोलीत वारं नसतं, बाहेर सायकल मारताना अंगाला वारं लागून थंड वाटतं ते इथं नाही, म्हणून पंख्याच्या झोतातली सायकल पकडा, स्पीकरपासून लांबची. उन्हाळ्यात दिवसभर शाळा करून संध्याकाळी क्लासला जाणार असाल तर दुपारपासूनच पाणी पीत राहा, क्लासला अर्धा-पाऊण लिटरची बाटली आणि दर गाण्याला दोन घोट. नंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत, महागडी पावडर काही लागत नाही. एक छोटा टॉवेल न्या, आपल्या गावचाच टर्किश, घाम टिपायला त्याच्यासारखं काही नाही, निम्मा हँडलवर टाकायचा म्हणजे हात घसरत नाहीत.

क्लासच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवण नको, आणि एकदम उपाशी पण नको, तासभर आधी एक केळं किंवा अर्धी भाकरी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन लगेच आलेल्या एका भाऊंना वॉर्म-अपमध्येच खाली उतरावं लागलं होतं. सकाळचा क्लास असेल तर तुमच्या गोळीचं बघा, थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. साडेसहाचा क्लास असेल तर पाचला गोळी, पावणेसहाला केळं, असं बसवता येतं. उपवासाच्या दिवशी पहिला क्लास ठेवू नका.

शेवटी पाय हळू करायला सांगतात ती पाच मिनिटं सोडून निघू नका, घरी कुकर लावायचाय म्हणून बायका नेमक्या तेव्हाच उतरतात. रक्त सगळं पायात उतरलेलं असतं, एकदम थांबलं की डोळ्यापुढं अंधारी येते. पाय फिरवत राहा, श्वास खाली आला की उतरा, उतरताना एक हात हँडलवर, कारण पहिल्यांदा जमीन हलल्यासारखी वाटते. मांडीचा पुढचा भाग, मागचा भाग आणि पोटऱ्या ताणून घ्या, मग दहा मिनिटं बाकावर बसा आणि मगच ॲक्टिव्हा काढा, विजापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये थरथरत्या पायांनी गाडी नको.

पंचविशीतल्या पोरांचं विचारलंत, असतील की, आणि त्यातली निम्मी महिन्याभरात गायब होतील. तुमच्या वयाच्या बायका टिकतात, हे मी इतकी वर्षं बघतीये. पैसे भरायची घाई करू नका, पाडव्याची ऑफर म्हणून वर्षाचं पॅकेज गळ्यात मारतील, आधी पाच-सहा क्लास सुटे करा. आणि रोज जायचं तर अजिबात नाही, आठवड्यातून दोनदा बास, मधल्या दिवशी संभाजी तलावाकडं चालायला जा.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतील, ते साहजिक आहे, कमोडवरून उठताना हात टेकावा लागेल, दोन-तीन दिवसांत जाईल, थोडं चाललं की बरं वाटतं. पण मांड्या सुजल्या, हात लावू देईनात, पाय वाकवता येईना किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर गरम पाण्यानं शेकत, वेदनाशामक खात घरी बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं, आणि त्यांना स्पष्ट सांगायचं की परवा पहिल्यांदा सायकलिंग क्लास केला. सोमवारी पहिला क्लास झाला आणि तसं काही नसेल तर दुसरा गुरुवारी, त्याच सायकलवर, त्याच आकड्यांवर, आणि तेव्हा नॉब एक पाव आटा जास्त.